एका अंगावर बसणारा ड्रायव्हर

भुजंग सोनकांबळे जीप चालवताना एका अंगावर बसतो, हे लातूरच्या कलेक्टर कचेरीत सगळ्यात आधी महादेवप्पा शिपायाच्या ध्यानात आलं. दौऱ्यावर महादेवप्पा मागच्या बाकावर बसायचा, आणि त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर भुजंगची पाठच असायची. ती पाठ कधी डावीकडे कलायची, कधी उजवीकडे. खड्डा आला की भुजंग स्टिअरिंगला धरून अर्धवट उभाच राहायचा.

"काय रं भुजंगा, ढुंगणाला फोड झाला का काय?" साहेब विहीर बघायला उतरले तेव्हा महादेवप्पानं विचारलं.

"उष्णता हाय मामा. दुसरं काय न्हाई."

शहाऐंशी सालचा मार्च होता. सगळ्यांनाच उष्णता होती. निलंग्यापासून अहमदपूरपर्यंत विहिरींच्या तळाला गाळ दिसत होता. टंचाईचं काम बघणारे अंकुलगे साहेब सकाळी सहाला जीप काढायला लावायचे आणि दिवस बुडेस्तोवर गावं पालथी घालायचे. कुठं टँकर पोचला नाही, कुठं खडी फोडायच्या कामावर सावली नाही, कुठं जनावरांच्या छावणीत कडबा संपला. जीप थांबली की बायका घागरी घेऊन भोवती गोळा व्हायच्या. भुजंग खाली उतरायचा, बॉनेटला टेकून उभा राहायचा. बसण्यापेक्षा उभं राहणं त्याला परवडत होतं.

तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. गाव निलंग्याच्या अंगाला. छप्पन साली बाप साहेबराव बौद्ध झाला तेव्हा भुजंग चौदा वर्षांचा होता. बापाला गावात पाटलाच्या छकड्याच्या जूला हात लावायची मुभा नव्हती. पोरगा मात्र ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, लातूर-नांदेड रस्त्यावर ड्रायव्हर झाला, आणि एक दिवस सरकारी नोकरीचा कागद घेऊन उस्मानाबादला हजर झाला. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादहून दप्तराच्या पेट्या आणायच्या होत्या, तेव्हा पुढच्या जीपवर भुजंग होता. "कलेक्टर येतील, जातील," तो म्हणायचा, "पण ह्या नव्या जिल्ह्यात दप्तर घेऊन पहिला मी शिरलो." कचेरीत तेव्हा खुर्च्या पुरत नव्हत्या, फायली जमिनीवर रचलेल्या होत्या. भुजंगची जीप मात्र आरशासारखी. सीटवर पांढरी खोळ, ती तो दर रविवारी बायकोकडून, सिंधुकडून, धुऊन घ्यायचा. अंकुलगे साहेब पुढं, त्याच्या शेजारी बसायचे. बापाला जूला हात लावू दिला नाही आणि मी साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसतो, हे त्यानं तोंडानं कधी कुणाला सांगितलं नाही. पण गाडी सुरू करताना रोज त्याच्या मनात ते येऊन जायचं.

रक्त पहिल्यांदा दिसलं ते दिवाळीनंतर. वस्तीमागच्या माळावर तो सकाळी तांब्या घेऊन गेला होता. लाल भडक, चार-पाच थेंब. त्यानं पायानं माती सारली आणि घरी आला. रात्रीचा ठेचा बाधला असेल, असं म्हणून दोन दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. रक्त थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा आलं. मग येतच राहिलं. कधी कागदावर ओढल्यासारखी रेघ, कधी जास्त. दुखायचं पण. आणि एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. पोट साफ झालंय असं वाटायचंच नाही. माळावरून आला की पुन्हा तांब्या उचलायचा. सकाळी चार-चार वेळा.

"किती जावं माणसानं?" सिंधु म्हणायची.

"पाणी बदललंय. टँकरचं हाय ना."

पाणी तिसऱ्या दिवशी यायचं. सिंधु डाळ मिलमध्ये खडे निवडायच्या कामाला होती. मिलमधून येताना ती वस्तीच्या रांगेत उभी राहायची आणि मिळेल ते भरून आणायची. कोपऱ्यातल्या चार घागरींची तिनं वाटणी केलेली होती. दोन प्यायला, एक भांड्यांना, एक अंघोळीला. माघ महिन्यात अंघोळीची घागर वेळेआधी रिकामी व्हायला लागली.

"अवो, ह्या घागरीतलं पाणी कोण नेऊन राहिलं?"

"मी. हातपाय धुतले."

हातपाय धुवायला एवढं पाणी लागत नाही, हे तिला कळत होतं. चार दिवसांनी मागच्या भिंतीवर तिला त्याची खाकी पँट वाळत घातलेली दिसली, आतली बाजू बाहेर करून. नवऱ्यानं लग्नाच्या वीस-बावीस वर्षांत स्वतःचा कपडा कधी पिळला नव्हता. तिनं पँट हातात घेऊन उन्हाकडं धरली.

"हे काय हाय?"

"मूळव्याध. ड्रायव्हर लोकांना होतीच. बसून राहतो आम्ही दिवसभर."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं की."

खोटं नव्हतं ते. दाखवणं म्हणजे सांगणं असेल, तर त्यानं बऱ्याच जणांना दाखवलं होतं. महादेवप्पानं सुरणाची भाजी आणि ताक सांगितलं होतं. मेडिकल दुकानातल्या माणसानं पुडी बांधून दिली होती. निलंग्याच्या एका वैद्यानं हिरड्याचं चूर्ण दिलं. लातुरातल्या एका डॉक्टरानं टेबलापलीकडूनच ऐकलं आणि लावायची ट्यूब लिहून दिली. आणि फेब्रुवारीत, साहेब चाकूरला बैठकीत असताना, भुजंग बाजारातल्या एका पाटीखाली शिरला. 'मूळव्याध, भगंदर, बिगर ऑपरेशन खात्रीने'. पडद्याआड त्या माणसानं त्याला पालथं पाडलं आणि न बघितल्यासारखं करून एक सुई टोचली. भुजंगच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तसाच तो जीपमध्ये येऊन बसला आणि साहेबांना घेऊन लातूरला आला. तीन दिवस अंगात ताप होता. तापातच त्यानं अहमदपूरचा दौरा केला.

नंतर आठ दिवस रक्त दिसलं नाही. भुजंग खुशीत आला. नवव्या दिवशी दिसलं ते वेगळंच होतं. लाल भडक नाही. काळपट, शेंबडासारखं, शीमध्ये मिसळलेलं. त्यानं तेही मातीखाली ढकललं. पट्ट्याला नवं भोक पाडलं. जीप पुसताना दम लागायला लागला तेव्हा उन्हाला दोष दिला. पण मनात काहीतरी धावत सुटलेलं होतं. घरात तो खाटेवर बसायचा, उठायचा, दारात जायचा, परत यायचा. कुणी बोलत असलं की मधेच उठून चालू लागायचा. सिंधुनं काही विचारलं की अंगावर यायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निलंग्याच्याही पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या एका गावात दौरा होता. सकाळपासून त्याच्या ओटीपोटात कळ मारत होती. रस्ता नावालाच होता. गावात जीप थांबली, साहेब उतरले, घागरीवाल्या बायकांनी त्यांना घेरलं. भुजंगला जाणवलं की बुडाखाली ओल आहे. तो हललाच नाही.

"भुजंग, नकाशाची गुंडाळी आण रे!" साहेबांनी विहिरीवरून हाक मारली.

"महादेवप्पाला धाडतो साहेब."

"तो सरपंचाला बोलवायला गेलाय. तू आण."

भुजंग जागचा उठला नाही. गाव बघत होतं. साहेब स्वतः जीपजवळ आले, लाल झालेले. "ऐकू येत नाही का? उतर खाली."

"उतरत न्हाई साहेब."

"काय?"

"न्हाई उतरत. माफी करा."

पंचवीस-तीस माणसांसमोर ड्रायव्हरनं साहेबाला नाही म्हटलं. साहेबांनी गुंडाळी स्वतः उचलली. परतताना सत्तर किलोमीटर ते अक्षर बोलले नाहीत. कचेरीपाशी उतरताना तेवढं म्हणाले, "उद्यापासून या जीपवर दुसरा माणूस येईल. तुझा खुलासा लेखी दे."

सगळे आत जाईपर्यंत भुजंग बसून राहिला. मग उठला. पँट खोळीला चिकटली होती. त्यानं खोळ ओढून काढली, रेडिएटरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं पाणी ओतून तो रेक्झिन पुसायला लागला. साहेबांचा पाण्याचा थर्मास गाडीत राहिला होता, तो न्यायला महादेवप्पा परत आला आणि दारातच थबकला. त्यानं खोळ बघितली, भुजंगची पँट बघितली.

"म्हणून उतरला न्हाईस व्हय?"

"काय करू मामा? लोक काय म्हणले असते? साहेबाच्या शेजारची जागा ह्यानं घाण केली. कोण हाय तो, कुणाचा हाय तो, सगळं निघालं असतं."

महादेवप्पा पायरीवर बसला. जातीनं लिंगायत, वयानं पंचावन्न ओलांडलेला, रोज कपाळाला भस्म लावणारा हा माणूस म्हणाला, "सुरण मीच सांगितलं तुला. मला काय ठावं इतकं हाय म्हणून. हे उष्णतेचं न्हाई रं." भुजंगच्या हातातलं फडकं त्यानं घेतलं आणि सीट पुसायला लागला. ती पुसून झाल्यावर तो घरी गेला नाही. सायकल काढून सरळ डाळ मिलवर गेला आणि सिंधुला फाटकात बोलावून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सिंधु त्याला नांदेडला घेऊन निघाली. तिचा भाऊ पंढरी तिथं रेल्वेत गँगमन होता, आणि सरकारी दवाखान्यातल्या सर्जनचं नाव त्याच्या तोंडात होतं. गँगमधल्या एकाचा चिरडलेला पाय त्या सर्जननं वाचवला होता. गाडीत जागा होती. तरी भुजंग अहमदपूर, लोहा, नांदेड असा सगळा रस्ता वरचा दांडा धरून उभा राहिला. कंडक्टरनं तीनदा बसायला सांगितलं.

सर्जन वयस्क होता, तुटक बोलायचा.

"किती दिवस झाले?"

"चार-पाच महिने."

"शी नेहमीसारखी होते? की बदलली?"

"चार-चार डाव जावं लागतंय. तरी राहिल्यासारखं वाटतंय."

"वजन?"

भुजंगनं पट्टा दाखवला. दम लागतो, चाकूरला सुई टोचून घेतल्यावर ताप आला होता, तेही सांगितलं. डॉक्टरनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी फटक.

"आधी कुणी तपासलं?"

"व्हय, पाच जणांनी."

"तपासलं म्हणजे? आतून बोट घालून बघितलं का कुणी?"

भुजंग खाली बघायला लागला. "न्हाई साहेब."

"मग पाच जणांनी फक्त ऐकलं. चल, कुशीवर झोप. गुडघे पोटाशी घे. लाज वाटत असेल तर तोंड भिंतीकडं कर, पण हलू नको."

मिनिटभराचं काम होतं. पाच महिने जे कुणी केलं नव्हतं ते तेवढ्या वेळात झालं. डॉक्टरनं हातमोजा काढला, हात धुतले, आणि सिंधुलाही आत बोलावलं.

"आत गाठ आहे. बोटाला लागते. मूळव्याधीचा कोंब असा लागत नाही. तुकडा काढून औरंगाबादला पाठवतो, दहा दिवसांत कळेल."

"कसली गाठ?" सिंधुनं विचारलं.

"तपासल्याशिवाय बोलणार नाही. पण वाईट निघू शकते."

"मूळव्याध म्हणूनच बसलो की आम्ही," ती म्हणाली.

"रक्त पडणाऱ्या दहांतल्या आठ-नऊ जणांना मूळव्याध नाहीतर चीरच असते, बाई. औषधानं, कोमट पाण्यात बसून बरी होते. पण कुणाला काय आहे ते बाहेरून कळत नाही, बघावं लागतं. एकदा-दोनदा दिसून थांबलं तरी दाखवावं. आणि हा माणूस तर महिनोन् महिने चालवत राहिला. शीची सवय बदलली, वजन उतरलं, दम लागला, तेव्हा तर एक दिवस काढायला नको होता. सुई टोचल्यावर ताप आला त्याच दिवशी दवाखाना गाठायला पाहिजे होता. रक्त थांबेना, चक्कर आली, डांबरासारखी काळी शी झाली, तर त्याच पावली निघायचं." मग त्याला वाटलं असावं की आपण फार बोललो. "असो. आता आलात."

ते दहा दिवस भुजंगला निघेनात. पंढरीच्या एका खोलीत तो थांबतच नव्हता. सकाळी उठून स्टेशनपर्यंत, स्टेशनपासून गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यानं गोदावरीच्या घाटावर. नदीत वाळूच दिसत होती, मधून पाण्याचा एक दोर. तिथं लोक वाळूत खड्डे करून घागरी भरत होते. तो बघत उभा राहायचा, पुन्हा चालायला लागायचा. बसायची भीती, पडायची भीती. चालत असलं की आतलं ते विसरल्यासारखं व्हायचं. खुलासा लिहायचा राहिला आहे, हे मधेच आठवायचं. दुसरा ड्रायव्हर जीपचा क्लच जाळून टाकेल, असंही वाटायचं.

सातव्या दिवशी दुपारी त्यानं एसटी स्टँडवर लातूरची गाडी उभी बघितली आणि चढला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. कळायच्या आधी परत जावं, जीपवर बसावं, मग काय व्हायचं ते होऊ दे. घरी तो दिसेना म्हणून सिंधु शोधत निघाली होती. नवरा ड्रायव्हर आहे, जाईल तर गाड्यांकडंच जाईल, असा तिचा हिशेब. तिनं खिडकी-खिडकीतून बघत त्याला गाठलं. तो बसलेला नव्हताच.

"मला पंढरीच्या दारात ठेवून कुठं निघालात?"

"सिंधु, मला न्हाई ऐकायचं ते. तू जा, तू ऐक."

"गाठ माझ्या पोटात हाय का?" ती दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली. गाडीतली माणसं बघायला लागली. "पाच महिने तुम्ही माती सारून राहिले. आता मी सारू का? उतरा. त्या दिशी साहेबाचं ऐकलं न्हाई ते ऐकलं न्हाई. आज माझं ऐका."

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला घातलेला हात तसाच राहिला. भुजंग उतरला. स्टँडबाहेर येईस्तोवर तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.

कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाला, गाठ जागेवर आहे, यकृतावर काही लागत नाही, काढता येईल. आणखी सहा महिने गेले असते तर मी हात लावला नसता. पण गाठ फार खाली होती. शीची वाट कायमची बंद करून पोटावर नवी काढावी लागणार होती.

"म्हंजे पोटातून...?" भुजंगला पुढं बोलवलं नाही.

"पोटातून. कापडाची घडी आणि पट्टा. सवय होते."

"गाडी चालवता येईल?"

"जगायचं विचार आधी."

"तेच विचारलं साहेब."

रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या. पंढरीच्या गँगमधले चौघं कामावरून तसेच, तेलकट कपड्यांनिशी आले. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लातूरच्या एसटीतून महादेवप्पा उतरला. त्याचं रक्त जुळलं नाही, त्याबद्दल तो दिवसभर डॉक्टरांवर चिडून होता. जाताना त्यानं भुजंगच्या उशाशी एक कागद ठेवला. अंकुलगे साहेबांचं पत्र होतं. खुलाशाची गरज नाही, रजा मंजूर आहे, आणि खाली हातानं एक ओळ: 'मला सांगायला हवं होतंस.'

भुजंगनं ते दोनदा वाचलं. "कसं सांगणार होतो?" तो सिंधुला म्हणाला. "दर वळणावर तोंडाशी यायचं. मग साहेब टँकरचं काही विचारायचे."

जखम भरायला पावसाळा गेला, आणि त्या साली तोही धड आलाच नाही. पहिले दोन महिने पोटावरची ती लालसर वाट बघितली की भुजंग तोंड फिरवायचा. सिंधुच सगळं करायची. टँकरच्या पाण्यातली एक घागर आता त्या घड्या धुवायला राखून ठेवलेली असायची, आणि ती कुठं गेली हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. एके दिवशी ती मिलमधून यायला उशीर झाला तेव्हा त्यानं स्वतः घडी बदलली. ती आल्यावर फक्त म्हणाला, "झालं. मी केलं." वास येईल, या धाकानं तो लग्नाकार्याला कितीतरी दिवस गेला नाही. पंगतीत शेवटच्या टोकाला बसायचा. ते कायमचं राहिलं.

साहेबांनी त्याला आवक-जावक टेबलावर बसायला सांगितलं होतं. पंधरा दिवस त्यानं पाकिटांना डिंक लावला, पण खुर्चीत त्याचा जीव राहीना. सोळाव्या दिवशी त्यानं जीपची किल्ली मागून घेतली. दर तासाला गाडी थांबवायची मुभा साहेबांनी दिली आणि लोकांना सांगितलं की इंजिन तापतं. त्यानंतर भुजंगनं चौदा वर्षं गाडी चालवली. दर सहा महिन्यांनी नांदेडला दाखवायला जायचा. जाण्याआधीचे आठ दिवस घरात कुणाशी नीट बोलायचा नाही. ती धास्ती शेवटपर्यंत गेली नाही; रिपोर्ट चांगला आला की परतीच्या एसटीत झोपून जायचा.

लोक त्याच्याकडं यायला लागले. उघड कुणी यायचं नाही. एसटीचा ड्रायव्हर, तलाठी, एकदा तर एक फौजदार. चहा पाजायचे, पिकांचं बोलायचे, आणि उठता उठता विचारायचे, "भुजंगराव, तुमचं ते कसं सुरू झालं होतं?" तो औषध सांगायचा नाही. "किती दिवस?" एवढंच विचारायचा, आणि मग, "कुणी आतून बघितलं का?"

नव्वदच्या सुमाराला एका सकाळी महादेवप्पा जीपपाशी घुटमळत होता. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते.

"भुजंगा, मलाबी जरा..."

"काय?"

"काय न्हाई. शीला बसलं की काचेनं चिरल्यावानी होतंय. थोडं लाल बी..."

"किती दिवस?"

"झाले असतील पंधरा. मी सुरण..."

"बसा गाडीत."

"आत्ता? साहेबांना काय सांगणार?"

"तेच सांगणार, जे तुम्ही सांगून राहिले."

साहेब आता नवे होते, तरुण. भुजंगनं त्यांच्या टेबलासमोर उभं राहून स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि दोन तासांची रजा घेतली. सरकारी दवाखान्यात महादेवप्पा आत गेला आणि बाहेर भुजंग व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागला, या खांबापासून त्या खांबापर्यंत. दोनदा त्यानं पडद्याशी जाऊन कान दिला.

महादेवप्पा धोतर सावरत बाहेर आला, कपाळावरचं भस्म घामानं पुसलेलं. चेहरा मार खाल्ल्यासारखा.

"काय म्हणले?"

"चीर हाय म्हणले. नुसती चीर. कोमट पाण्यात बसायचं, पाणी लई प्यायचं, इसबगोल घ्यायचं, एक मलम दिलंय. आतूनबी बघितलं, गाठबिठ काय न्हाई. महिन्यात थांबलं न्हाई तर परत ये म्हणले." मग तो चिडून म्हणाला, "लाज गेली माझी सगळी ह्या वयात!"

भुजंग व्हरांड्यातल्या बाकड्यावर मटकन बसला, दोन्ही अंगांवर, आणि हसायला लागला. त्याला हसू आवरेना. रांगेतली माणसं बघत होती. महादेवप्पा आधी रागावला, मग त्याच्या शेजारी बसायला गेला आणि कळ येऊन तसाच उठला.